ज्ञानाचा घसारा



दिवाळीनंतरच्या आठवड्यात एक जुने परिचित घरी आले होते. बाजारपेठेत त्यांची भांड्यांची पेढी आहे. मी तेथील शाखेत अधिकारी असताना त्यांचे कॅश क्रेडिट खाते माझ्याकडेच होते. त्यामुळे मी निवृत्त होऊन काही वर्षे लोटली, तरी ते मला ‘साहेब’च म्हणतात. सोबत त्यांचा धाकटा मुलगा होता, वय ३७. फराळ झाला, प्रकृतीची विचारपूस झाली, आणि मग शेठजींनी मूळ विषयाला हात घातला.

“साहेब, याला चार शब्द सांगा. चौदा वर्षे झाली, पाठीवर बॅग टाकून लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करत फिरतोय. आता कंपनीचे कंत्राट गेले. नवा कंत्राटदार म्हणतो, ये, पण पगार दोन हजारांनी कमी. मी म्हणतो, गादीवर बस. घरची पेढी असताना दुसऱ्याच्या दारात उभे राहायचे कशाला?”

मुलगा मान खाली घालून ऐकत होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, “काका, दुकानात बसायला माझी ना नाही. पण चौदा वर्षे जे केले ते शून्य, असे बाबा म्हणतात, ते मला पटत नाही. आणि शून्य नसेल तर त्याची किंमत किती, हे मला स्वतःलाच सांगता येत नाही.”

त्याचे हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. गोदामातील माल, दुकानाची जागा, यंत्रसामग्री, सोने, या सर्वांचे मूल्यांकन करण्यात माझी हयात गेली. परंतु एखाद्या माणसाच्या हातात साठलेल्या कामाचे मूल्यांकन कसे करावे, हे मला कोणी शिकवले नव्हते. त्या दिवशी आम्ही दोघांनी कागद-पेन्सिल घेऊन तो प्रयत्न केला. त्याचीच हकिगत या वेळच्या लेखात मांडतो आहे, कारण आपल्या अनेक घरांतील मुले आज याच व्यवसायात आहेत.

प्रथम हे काम काय आहे, ते पाहू. बँक, दवाखाना, कारखाना, सरकारी कचेरी यांतील संगणक, प्रिंटर, नेटवर्क बंद पडले की तक्रार नोंदवली जाते. तिला ‘कॉल’ म्हणतात. प्रत्येक कॉलला क्रमांक असतो आणि घड्याळ लावलेले असते. किती तासांत पोहोचायचे आणि किती तासांत यंत्र चालू करून द्यायचे, हे करारात लिहिलेले असते. मुदत चुकली की कंपनीच्या बिलातून दंड कापला जातो, आणि त्याची झळ शेवटी याच मुलापर्यंत येते. दुचाकी त्याची स्वतःची, पेट्रोलचे पैसे किलोमीटरच्या हिशेबाने. सकाळी मोबाइलवर कॉलची यादी येते आणि रात्री शेवटचा कॉल बंद केल्याशिवाय दिवस संपत नाही. आपल्या घरातून गेलेल्या मुलाची आणखी एक अडचण असते. सूर्यास्ताच्या सुमारास तो नेमका एखाद्या सर्व्हर रूममध्ये अडकलेला असतो, आणि डबा गाडीच्या डिकीत तसाच राहतो.

पुष्कळदा शर्टावर ज्या कंपनीचे नाव असते, तिच्या हजेरीपटावर तो नसतोच. काम एका कंपनीचे, पगार दुसऱ्या कंत्राटदाराचा. दोन-तीन वर्षांनी निविदा बदलते, कंत्राटदार बदलतो, माणूस मात्र त्याच खुर्चीजवळ, त्याच यंत्रासमोर बसलेला असतो. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात सलग ५ वर्षांच्या सेवेची अट होती. ज्याचा मालक दर तीन वर्षांनी बदलतो, त्याची पाच वर्षे पूर्ण व्हायची कधी? या मुलाची चौदा वर्षे चार कंत्राटदारांकडे झाली होती. हाती ग्रॅच्युइटी एकदाही आली नाही.

या मंडळींशी माझा संबंध जुना आहे. मी १९८२ साली बँकेत लागलो, तेव्हा जाडजूड लेजरे खांद्यावरून वाहून टेबलावर मांडणे हेच काम होते. १९८३ मध्ये बँक व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. १९८४ मध्ये डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल आला. त्यानंतर लेजर पोस्टिंगची यंत्रे शाखांत येऊ लागली. आमच्याकडे ती आली तेव्हा निम्म्या कर्मचाऱ्यांना नोकरी जाण्याची धास्ती होती, आणि उरलेल्या निम्म्यांना विजेचा झटका बसण्याची. पुढे सर्व्हर आला, सहा-सात संगणक एका काळ्या केबलने जोडले गेले. ती केबल मोठी मानी होती. तिच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर नावाची छोटी टोपणे असत. सकाळी झाडताना केरसुणीचा धक्का लागून एक टोपण सैल झाले, तरी सगळी शाखा ठप्प होई. मग जिल्ह्याच्या गावी फोन लावायचा आणि एसटीची वाट पाहायची. त्या एसटीतून बॅग घेऊन जो उतरे, तो आमचा इंजिनियर.

त्याच्या बॅगेत काय असे? स्क्रू-ड्रायव्हरचा संच, मल्टिमीटर, धूळ झाडायचा ब्रश, एखादा जादा पॉवर सप्लाय, आणि शाळेतल्या मुलांचे असते तसे खोडरबर. या खोडरबराचे मला फार नवल वाटे. मेमरीची पट्टी बाहेर काढून तिचे सोनेरी पाय तो खोडरबराने हलकेच पुसे, पुन्हा जागी बसवी, आणि दोन दिवस मुका असलेला संगणक बोलू लागे.

आता एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती माझ्या चुकीची आहे.

१९९७ चा सप्टेंबर. मी एका तालुक्याच्या गावच्या शाखेत होतो. सहामाही हिशेब बंद करण्याचे दिवस, आणि सर्व्हर दोन दिवस वारंवार बंद पडत होता. प्रादेशिक कार्यालयातून तासातासाला फोन येत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी चारला इंजिनियर आला. पंचविशीतला मुलगा. त्याने सर्व्हर उघडला, साफ केला, तपासला. मग मल्टिमीटर घेऊन भिंतीतल्या सॉकेटपाशी बसला. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील दाब दोन-तीन व्होल्टच्या आत असायला हवा. आमच्याकडे तो वीसच्या आसपास होता. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, मशीन ठीक आहे. अर्थिंग गेले आहे. मागच्या बाजूचा खड्डा उकरून नव्याने मीठ-कोळसा भरावा लागेल, पाणी घालावे लागेल. ते काम बँकेकडचे आहे.”

तो बरोबर सांगत होता. मला मात्र एवढेच ऐकू आले की, हा पोरगा आपला दोष बँकेवर ढकलतो आहे. सर्व्हिस रिपोर्टवर ग्राहकाच्या शेऱ्यासाठी एक चौकट असे. तीत मी लिहिले, “काम असमाधानकारक”, आणि कॉल पूर्ण झाल्याची सही द्यायला नकार दिला. तो दहा मिनिटे उभा होता. म्हणाला, “साहेब, सही नसेल तर कॉल माझ्या नावावर उघडाच राहील.” मी म्हणालो, “राहू दे.” शेवटची एसटी तोवर गेली होती. तो रात्री स्थानकावरच झोपला, हे मला दुसऱ्या दिवशी शिपायाकडून कळले.

दिवाळीच्या सुमारास आम्ही अर्थिंग नवे करून घेतले. सर्व्हर त्यानंतर तसा कधीच बंद पडला नाही. पुढच्या खेपेला दुसराच इंजिनियर आला. चौकशी केली तेव्हा म्हणाला, “तक्रारी होत्या, म्हणून त्यांना या भागातून काढले.” त्या कंपनीला दोन ओळींचे पत्र लिहावे, असे माझ्या मनात आले होते. लिहिले नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ती रक्कम आजही माझ्या सस्पेन्स खात्यात पडून आहे. इतक्या वर्षांनी ती कोणत्या खाती वळती करावी, ते कळत नाही.

त्यानंतर काळ झपाट्याने बदलला. बँकांनी १ जानेवारी २००१ पूर्वी ७० टक्के व्यवसाय संगणकावर आणावा, असे केंद्रीय दक्षता आयोगाने सांगितले होते. त्याच सुमारास, २०००-०१ मध्ये, सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती योजना आली. पंधरा वर्षे सेवा किंवा चाळीस वर्षे वय ही पात्रता. माझे वय ४१ होते. मी अर्ज भरला, खिशात घालून आठ दिवस फिरलो, आणि फाडून टाकला. तेव्हा मी सर्वांना सांगितले की, मुलांचे शिक्षण व्हायचे आहे. ते खरेही होते. पण आतले कारण निराळे होते. बँकेच्या बाहेर माझ्या एकोणीस वर्षांच्या कामाची किंमत किती, हे मला सांगता येत नव्हते. शेठजींच्या मुलाने त्या दिवशी जो प्रश्न विचारला, तोच मी कधी काळी स्वतःला विचारला होता, आणि उत्तर न शोधता अर्ज फाडला होता.

२००७ साली आमची शाखा कोअर बँकिंगवर गेली. सर्व खाती मुख्य डेटा सेंटरमध्ये गेली. शाखेतला सर्व्हर खोक्यात बांधून टेम्पोत चढवला, तेव्हा आमचा त्या वेळचा इंजिनियर दारात उभा होता. तो हसत म्हणाला, “साहेब, माझी दहा वर्षांची विद्या टेम्पोत चालली.” आम्हीही हसलो. ते हसण्यासारखे नव्हते, हे नंतर कळले. पुढे दूर बसलेला माणूस आपल्या पडद्यावरचा बाण हलवून बिघाड काढू लागला. नव्या लॅपटॉपांपैकी अनेकांत मेमरी बोर्डावरच डाख देऊन जोडलेली असते. तेथे खोडरबराचे काम नाही. भाग दुरुस्त करण्याऐवजी तो बदलण्याकडे कल वाढला.

म्हणून हे काम संपले का? तसेही नाही. दोन प्रसंग सांगतो.

८ नोव्हेंबर २०१६ रोजी नोटाबंदी जाहीर झाली. २००० रुपयांच्या नव्या नोटेचा आकार जुन्या नोटांहून लहान होता. एटीएममध्ये नोटा ठेवण्याचे कप्पे जुन्या मापाचे. ते नव्या नोटेसाठी जुळवून घेण्याचे काम कोणत्याही कचेरीत बसून होण्यासारखे नव्हते. देशातील सुमारे २ लाख एटीएमपैकी प्रत्येकापाशी माणूस जाणे आवश्यक होते. रिझर्व्ह बँकेने उप-गव्हर्नर एस. एस. मुंद्रा यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी कृतिदल नेमले. रांगेत उभे असलेले लोक आपण पाहिले, काऊंटरमागचे कर्मचारीही पाहिले. शटर अर्धे खाली ओढून आत यंत्रासमोर मांडी घालून बसलेला मुलगा फार थोड्यांनी पाहिला.

दुसरा प्रसंग १९ जुलै २०२४ चा. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रणालीतील एका सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभर विंडोजवर चालणारे संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. मायक्रोसॉफ्टने त्यांची संख्या ८५ लाख असल्याचा अंदाज दिला. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. जो संगणक सुरूच होत नाही, त्याच्यापर्यंत दूरचा माणूस पोहोचणार कसा? असंख्य ठिकाणी माणसाने यंत्रासमोर बसून, ते सुरक्षित स्थितीत चालू करून, ती एक फाईल काढून टाकावी लागली. हात लागतात. फक्त त्या हातांना काय माहीत असावे लागते, ते दर काही वर्षांनी बदलते.

आता कागद-पेन्सिलीकडे येतो. आपण सारे व्यापारी कुटुंबांतले. घसारा म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. आयकराच्या नियमांत संगणकावर पूर्वी ६० टक्के घसारा मिळे. २०१७-१८ पासून तो ४० टक्के झाला. म्हणजे ५०,००० रुपयांचा संगणक वर्षाने वहीत ३०,००० चा, मग १८,०००, मग १०,८००, आणि चौथ्या वर्षाअखेर अवघा ६,४८० रुपयांचा उरतो. मी त्या मुलाला म्हटले, “संगणक इतक्या वेगाने झिजत असेल, तर केवळ त्या संगणकाविषयीचे ज्ञान कसे टिकेल? तेही त्याच दराने झिजणार.”

तो म्हणाला, “काका, आमच्या लाइनमध्ये सर्टिफिकेटवरच मुदत छापलेली असते.” ते खरे आहे. सिस्कोची सीसीएनए ही नेटवर्किंगची परीक्षा ३ वर्षांपुरतीच ग्राह्य असते. एके काळी ज्या एमसीएसई पदवीसाठी मुले हजारो रुपये भरून क्लास लावत, ती परीक्षाच मायक्रोसॉफ्टने ३१ जानेवारी २०२१ पासून बंद केली. आमच्या एम.कॉम.च्या प्रमाणपत्रावर मुदत नव्हती. त्यामुळे झीज होत असूनही ती आम्हाला दिसली नाही. या मुलांना ती निदान दिसते तरी.

मग आम्ही दोन रकाने केले. पहिल्यात झिजणारे ज्ञान: कोणत्या मॉडेलचा कोणता स्क्रू कोठे, कोणत्या प्रिंटरचे कोणते बटण किती सेकंद दाबायचे, जुन्या प्रणालींच्या आज्ञा. हा रकाना लगेच भरला. दुसऱ्यात न झिजणारे लिहायचे होते. तेथे तो अडला. मग मी प्रश्न विचारत गेलो आणि तो सांगत गेला. बिघाड शोधताना आधी वीज, मग केबल, मग यंत्र, मग प्रणाली, या क्रमाने एकेक शक्यता बाद करत जाणे. अर्थिंग, यूपीएस, बॅटरी यांची जाण. रागावलेल्या माणसासमोर आवाज न चढवता काम पुरे करणे. चौदा वर्षे लोकांच्या सर्व्हर रूमच्या किल्ल्या आणि लोकांची खासगी माहिती हाताळूनही एक तक्रार नाही. गावातील जवळजवळ प्रत्येक मोठ्या कचेरीची वायरिंग त्याला पाठ. दुसरा रकाना पहिल्याहून लांब झाला. शेठजी चष्मा लावून तो वाचत होते.

मी हिशेब केला. दिवसाला ५ कॉल, वर्षाचे २८० दिवस, १४ वर्षे. एकूण १९,६०० कॉल. विचारले, “यातील किती लिहून ठेवलेस?” तो म्हणाला, “एकही नाही.” येथे मात्र मला बँकर म्हणून बोलावे लागले. शेठजी, तुमच्या गोदामात कितीही माल असो, स्टॉक स्टेटमेंट दिले नाही तर बँक ड्रॉइंग पॉवर देत नाही. माल आहे, पण नोंद नाही, म्हणून त्यावर कर्ज नाही. या मुलाचे तेच झाले आहे. अनुभव गोदामभर, स्टॉक स्टेटमेंट कोरे. नव्या ठिकाणी मुलाखत घेणाऱ्याला ‘चौदा वर्षे’ एवढेच दिसते, आणि चौदा वर्षे तर काहीही न शिकताही भरतात.

म्हणून या व्यवसायातील प्रत्येक तरुणाला माझी पहिली विनंती ही की, रोज रात्री एक ओळ लिहा. कोठे, कोणता बिघाड, कारण काय निघाले, उपाय कोणता. ग्राहकाचे नाव आणि त्याची गोपनीय माहिती मात्र त्यात येऊ देऊ नका. वर्षभरात ती वही तुमच्याविषयी पदवीहून अधिक सांगेल.

पुढील वाटा कोणत्या, तेही पाहिले. पहिली नेटवर्क आणि सुरक्षेची. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने आदेश काढला की, सायबर हल्ल्याची माहिती ६ तासांत कळवावी आणि संगणकीय नोंदी १८० दिवस जपाव्यात. हे करायला माणसे लागतात, आणि केबल स्वतः ओढलेल्या माणसाला नेटवर्क पुस्तकी विद्यार्थ्यापेक्षा लवकर समजते. दुसरी वाट डेटा सेंटरची. आमच्या शाखांचे सर्व्हर टेम्पोत बसून अखेर अशाच ठिकाणी गेले. नवी मुंबईत ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात ती मोठ्या संख्येने उभी राहिली आहेत. तेथे वीज, थंडावा आणि केबल जाणणारा माणूस अहोरात्र हजर लागतो. रात्रपाळीची तयारी मात्र हवी. तिसरी वाट देखरेखीची: कॉलचे वाटप, सुट्या भागांचा साठा, यंत्रांची नोंदवही सांभाळणे. येथे चांगले हात असलेली मुले अडतात ती इंग्रजीतील चार ओळींच्या ई-मेलपाशी. ती भीती सहा महिन्यांच्या सरावाने जाते.

चौथी वाट आपल्या रक्तातली, स्वतःच्या सेवेची. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि संगणकाची गरज लहान दुकानांपर्यंत पोहोचली. बिलिंग, बारकोड, सीसीटीव्ही, हिशेबाचा रोजचा बॅकअप, हे सर्व पाहणारा एक विश्वासू माणूस बाजारपेठेला हवाच असतो. केवळ सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल, तर साधारणपणे जीएसटी नोंदणीचे बंधन नाही. उद्यम नोंदणी करून घ्यावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे अशा नोंदणीकृत लहान सेवादात्याचे पैसे ४५ दिवसांच्या आत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. या व्यवसायात बुडण्याची कारणे दोनच पाहिली: उधारी, आणि हौसेने भरून ठेवलेले सुटे भाग. सुट्या भागांनाही घसारा लागतोच. देखभालीचा करार करावा, तिमाही रक्कम आगाऊ घ्यावी, भाग मागणीप्रमाणे आणावा.

वाट कोणतीही असो, तीन पथ्ये सांगितली. पगार चालू असतानाच बदलाची तयारी करावी. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय राजीनामा देऊ नये. आणि कंत्राटदार बदलताना भविष्य निर्वाह निधी काढून खर्च करू नये, तो त्याच यूएएन क्रमांकाखाली नव्या खात्यात वर्ग करून घ्यावा. मुलाने कबूल केले की, पहिल्या दोन बदलांच्या वेळी त्याने रक्कम काढली होती. एकदा मोबाइल आला आणि एकदा दुचाकीचा हप्ता फिटला.

शेठजी मधेच म्हणाले, “मग गादीचे काय?” मी म्हणालो, “गादीवर अवश्य बसवा. पण नोकरी गेलेला मुलगा म्हणून बसवू नका. दुसऱ्या रकान्यासकट बसवा.” आपल्या समाजात नोकरीला दुय्यम मानण्याची सवय आहे, त्यातही बॅग घेऊन फिरणाऱ्या नोकरीला अधिकच. लग्नाच्या बायोडेटात ‘आयटी कंपनीत’ असे लिहितात आणि काम कोणते ते सांगण्याचे टाळतात. पण विचार करा. आपल्या आजोबा-पणजोबांनीही पाठीवर गाठोडे टाकून गावोगावच्या बाजारांत माल विकला, तेव्हा पेढी उभी राहिली. गाठोड्याची आपल्याला लाज वाटत नाही, उलट आपण ते कौतुकाने सांगतो. मग बॅगेचीच लाज का?

तासाभराने शेठजी उठले. उठताना मुलाला म्हणाले, “आधी आपल्या दुकानाचा बॅकअप बघ. तीन वर्षांत कोणी घेतलेला नाही.” मुलगा म्हणाला, “बाबा, मी तीन वर्षे तेच सांगतोय.” दोघेही हसले. माझ्या मते त्या दिवशीचा सर्वांत मोठा व्यवहार तोच झाला.

परवा त्याचा फोन आला होता. कमी पगाराची जागा त्याने सहा महिन्यांसाठी स्वीकारली आहे. रोज पहाटे दोन तास नेटवर्किंगचा अभ्यास करतो आणि रविवारी बाजारातील चार दुकाने पाहतो, त्यांत पहिले वडिलांचे. परीक्षा उत्तीर्ण झाला तर पहिली वाट, नाही तर चौथी. वही सुरू केली आहे. त्यात सत्त्याऐंशी ओळी झाल्याचे त्याने अभिमानाने सांगितले.

गेल्या आठवड्यात माझ्या घरचे इंटरनेट बंद पडले. एक मुलगा आला, खांबावर चढला, अर्ध्या तासात जोडून दिले. आता सहीचा कागद नसतो. ग्राहकाच्या मोबाइलवर एक ओटीपी येतो, तो सांगितला की कॉल बंद होतो. मुलगा संकोचून म्हणाला, “काका, ओटीपी मिळेल का? काही लोक देतच नाहीत, चार-चार दिवस कॉल उघडा राहतो.” मी त्याला बसवले, पाणी दिले आणि चार आकडे सांगितले. जुनी बाकी त्याने फिटली नाही, हे मला ठाऊक आहे. पण आपल्या दारी, दुकानी, कचेरीत असा कोणी आला आणि त्याने काम नीट केले, तर त्याची सही किंवा ओटीपी अडवून ठेवू नये, एवढी विनंती या सदरातून करतो. आणि तो बिघाड आपल्याकडचा आहे असे म्हणाला, तर एकदा अर्थिंग तपासून घ्यावे.